मार्टातली भाजणी

ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, मार्ट उघडलं तेव्हा या हिंदी मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना आनंद झाला होता. गल्लीतला जुना किराणावाला वारला होता आणि त्याच्या मुलांनी दुकानाचं गेस्ट हाउस केलं होतं. मार्टात एसी होता, ढकलायच्या गाड्या होत्या, आणि एका फळीवर ‘महाराष्ट्र’ अशी पाटी लावून जाडे पोहे, कोकम, मेतकूट मांडलेलं होतं. तेवढ्यावर आम्ही पाघळलो.

मी यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. सामान दुकानात ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने लिहिते, म्हणजे एका फेरीत काम होतं. या मार्टात ते कधी जमलं नाही. या आठवड्यात जिथे डाळी असत तिथे पुढच्या आठवड्यात फिनेल असे. तीन काउंटरांपैकी एक चालू, एकावरचा कॉम्प्युटर बंद आणि एकावर मॅनेजरचा जेवणाचा डबा. फळीवर एक भाव, बिलात दुसरा. विचारलं तर उत्तर, “सिस्टम में यही है.” वीज वाचवायला फ्रिज बंद ठेवत, त्यामुळे पनीर पिशवीतच आंबे. माकड आत शिरून पाव उचलून गेलं तरी गार्ड खुर्चीतून उठत नसे. आम्ही निघालो की मात्र तो उठे आणि बिल तपासून पिशवीत हात घाली.

मॅनेजर तिशीतला, केसांना जेल लावलेला माणूस. जे नसेल ते “आ जाएगा, परसों तक.” तक्रार असेल तर “मालिक बाहर हैं.” तो मालक आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नाही.

तरी आम्ही जात राहिलो. बाकीच्यांचं मला माहीत नाही, मी जात होते कारण त्या ‘महाराष्ट्र’ फळीवर माझ्या धाकट्या जावेची भाजणी विकायला होती.

तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, पाठशाळेत वेद शिकवत. आवाज असा, की ते गच्चीवर म्हणू लागले तर खालच्या गल्लीतले लोक मोटारसायकल बंद करत. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाठशाळेने एक शाल दिली, नारळ दिला आणि त्यांच्या जागी दुसरा गुरुजी ठेवला. जाऊ तेव्हा चाळिशीत होती. शिक्षण बेताचं, मूलबाळ नाही. तिच्या हाताला एकच गोष्ट होती, चकलीची भाजणी. धान्य धुऊन सावलीत वाळवायची, प्रत्येक डाळ वेगळी भाजायची आणि चक्कीवर आधी आपले थोडे तांदूळ दळून घ्यायची, म्हणजे जात्यात अडकलेला दुसऱ्याचा गहू निघून जाई. दिवाळीच्या भाजणीतून दिरांच्या औषधांची आणि मालिशवाल्याची वर्षाची सोय होई. मालिशवाला आला की दिरांचा हात खांद्यापर्यंत उठे. तो आला नाही तर उठत नसे. इतकं साधं ते होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मार्टाने ‘महाराष्ट्र’ फळी रिकामी केली आणि तिथे चॉकलेटचे गिफ्ट बॉक्स रचले. जाऊ घाबरून माझ्याकडे आली. मी तिला घेऊन मॅनेजरकडे गेले.

“माल गोदाम में है, आंटी जी. जो माँगेगा, निकाल के दे देंगे.”

“नीट ठेवलाय ना? ओल नको लागायला,” मी म्हटलं.

“टेंशन मत लीजिए. एकदम सेफ.”

गोदाम बघू का, म्हणून विचारलं. कस्टमरला आत जाता येत नाही म्हणाला. जाऊ म्हणाली, “जाऊ द्या वहिनी, दिवाळीच्या तोंडावर त्याला दुखवायला नको.”

भाजणी खपली. आमच्या सगळ्या घरांनी ती मागून मागून नेली आणि तळली. आता आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. ब्रह्मा घाटावरची घरं अजून कडक. नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाचा कण तोंडात टाकायचा नाही. चव बघायची नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. डबे भरून ठेवायचे, लक्ष्मीपूजनाला देवापुढे ताट ठेवायचं, मग झाकलेली ताटं एकमेकांच्या घरी पाठवायची आणि त्यानंतर खायचं. पीठ भिजवताना काहींना साबणाचा वास आलाही होता. पण प्रत्येकीला वाटलं, आत्ताच सोवळ्याने आंघोळ करून आलोय, आपल्याच हाताला येत असेल.

लक्ष्मीपूजनाला ताटं निघाली. प्रत्येक घरातून प्रत्येक घरात. आणि संध्याकाळी साऱ्या गल्लीने एकाच वेळी चकली तोंडात घातली.

कपड्यांच्या पावडरीला जो फुलांचा म्हणून वास असतो, तो होता. तळून तो गेला नव्हता, वर आला होता. आमच्याकडे सासूबाई असत्या तर त्यांनी थुंकलं असतं. माझ्या नवऱ्याने गिळलं आणि पाणी मागितलं. शेजारून ताट आलं, त्यातली चकली खाल्ली, तीही तशीच. दुसरीकडून आलं, तेही. शेजारणीची चकली बिघडली म्हणून बरं वाटायचं तेवढंच, पुढच्या क्षणी कळे की आपलीही त्याच पिठाची आहे आणि ती आत्ताच देवाला दाखवून झाली आहे.

मार्टात कुणी गेलं नाही. मार्टात कुणाला जाऊन सांगणार, तिथे माणूसच नाही, सिस्टम आहे. जाऊ गल्लीतच राहत होती. तिचं दार कुणालाही सापडत होतं.

सगळ्यात आधी कोपऱ्यावरच्या काकू आल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरचा माणूस बाकावर उभा आहे असं समजून बोलत.

“लक्ष्मीला साबण खायला घातलास गं आमच्या.”

“काकू, मी साबण कुठून... माझ्या घरात ते पीठ अजून आहे. वास घेऊन बघा.”

“मी कशाला वास घेऊ? मुलं ओकली आमची. भांडी घासत असशील आणि त्याच हाताने पीठ भरत असशील. नवऱ्याचं करता करता होतं असं. मी काही दोष देत नाही.”

दीर पलंगावर होते. त्यांना बोलता येत नसे, ऐकू सगळं येई. काकूंनी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला आणि निघून गेल्या.

मग एकेक बाई आली. कुणी उरलेल्या चकल्या पिशवीतून आणून दारात ठेवून गेली. एकीने हसत विचारलं, या चकल्यांनी पडदे धुऊन निघतील का. पुढच्या दोन दिवसांत गल्लीत ही गोष्ट विनोद झाली होती. जाऊ पाणी भरायला निघाली की कुणीतरी कुणाला म्हणे, “कपडे वाळत घातलेत का?”

मी भाऊबीज उरकली आणि तिला घेऊन मार्टात गेले. या वेळी विचारलं नाही, सरळ गोदामाचं दार ढकललं. जिन्याखालची कोंदट खोली. वॉशिंग पावडरीची पोती एकावर एक, त्यातली दोन फाटलेली, जमिनीवर निळी पांढरी पावडर सांडलेली. त्यावर भाजणीची उरलेली पाकिटं. मी एक पाकीट न उघडता तिच्या नाकाशी धरलं. तिने मान फिरवली.

मॅनेजरला बोलावलं. त्याने पोत्यांकडे पाहिलं, पाकिटांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

“तो पैकिंग अच्छी करवातीं न, आंटी जी. पतली प्लास्टिक की पन्नी में भरेंगी तो स्मेल जाएगी ही.”

“तुम्ही बाहेर चला आणि लोकांना सांगा की माल इथे ठेवला होता,” मी हिंदीत म्हटलं. “एवढंच. बाकी काही नको.”

“मैं क्या एनाउंसमेंट करूँ? अपना माल उठा लीजिए, बात खतम.”

बाहेर एकुलत्या काउंटरवर रांग होती आणि रांगेत आमच्याच तीन बायका होत्या, काकूही. मी ते फाटकं पोतं दाखवायला त्यांना बोलावलं. आपली जागा जाईल म्हणून कुणी रांग सोडली नाही. काकू तिथूनच म्हणाल्या, “अगं, दुकान म्हटलं की साबण असणारच. घरचं पीठ विकायला ठेवायचं तर तिनेच लक्ष द्यायला नको? आमच्या वेळी बायका काम करायच्या ते मन लावून.” मग गार्डने आम्हाला अडवलं आणि हातातल्या पाकिटांचं बिल मागितलं. जावेने स्वतःची भाजणी खाली ठेवली. मी ती उचलून त्याच्या टेबलावर आपटली. पीठ उडालं, आणि रांगेतल्या कुणीतरी नाकाला पदर लावला.

मी हार मानणारी नाही. जावेच्या घरच्या डब्यात त्याच दळणाची भाजणी शिल्लक होती. तुळशीच्या लग्नाला मी सगळ्यांना आमच्याकडे बोलावलं. लग्न लागल्यावर त्यांच्यासमोर डबा उघडला, त्यांच्यासमोर पीठ भिजवलं, जावेला तळायला बसवलं. देवाला दाखवून पहिला घाणा फिरवला. बायकांनी खाल्ला. दुसराही खाल्ला. चकल्या नळीसारख्या पोकळ आणि कुरकुरीत झाल्या होत्या. काकूंनी चार घेतल्या, त्यातल्या दोन रुमालात बांधल्या.

“छान झाल्यात,” त्या म्हणाल्या. “हात आहेच तुझा. कोण नाही म्हणतंय?”

“मग ही संक्रांतीला पुन्हा भाजणी करतेय, किती घेणार?” मी वही उघडली.

एक म्हणाली, नवऱ्याला विचारते. दुसरी म्हणाली, मुलांच्या मनात आता बसलंय ते बसलंय. काकूंनी हात धुतले आणि ते टॉवेलला पुसता पुसता स्पष्ट सांगितलं, “चांगली आहे गं, पण सगळीकडे बोभाटा झाल्यावर पाहुण्यांपुढे कशी ठेवायची?”

वही कोरीच राहिली. त्या दिवशी मला कळलं की त्यांना पहिल्यापासून खरं माहीत होतं. वास कुठून आला हे ओळखायला गोदाम बघायची गरज नव्हती. मार्टवर चिडून काही होत नाही, माणसावर चिडलं की बरं वाटतं.

हिवाळ्यात ‘महाराष्ट्र’ फळी परत लागली. तिथे आता पुण्याच्या कारखान्यातली भाजणी आली, चकचकीत पाकिटात, वर नऊवारीतल्या बाईचं चित्र. गोदाम तेच होतं.

मालिशवाला बंद झाला. जावेने घाटावरच्या एका धर्मशाळेत, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या स्वयंपाकाचं काम धरलं. पहाटे जाते, दुपारी येते. तोवर दीर घरात एकटे. बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे. मी मध्ये जाऊन चहा पाजते. त्यांचा हात आता खांद्यापर्यंत उठत नाही, मांडीवरून छातीपर्यंत येतो आणि थांबतो. गल्लीत म्हणतात, बरं झालं, तिला पक्की नोकरी मिळाली.

यंदा नवरात्र संपता संपता काकू तिच्या दारात आल्या. मी तिथेच होते, दिरांची नखं कापत. काकू आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरून हळू आवाजात म्हणाल्या, “नागपूरहून मुलगी येतेय. तिला तुझीच भाजणी हवी आहे. दोन किलो करून दे, पण कुणाला बोलू नकोस. झंझट नको उगाच.”

जाऊ कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मार्टात मिळते, काकू.”

“ती नको. तिला भुशासारखी चव आहे. तुझीच हवी.”

“माझीही तिथेच मिळत होती.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नखाकडे पाहिलं.

“एवढा ताठा बरा नाही,” त्या म्हणाल्या. “घरात आजारी माणूस आहे तुझ्या.”

“आहे ना. त्यांच्या आंघोळीची वेळ झालीय. या तुम्ही आता.”

काकू गेल्या. दिरांनी डोळे मिटून घेतले होते. मी जावेला म्हटलं, “दोन किलोंत मालिशवाला आठवडाभर आला असता.”

“हो,” ती म्हणाली. तिने कणकेचे हात धुतले आणि पाणी विसणायला आत गेली.