नैरोबीचे चाळीस रुपये

सिकंदर नालबंदाला आपली कमाई किती, हे कधी नीट सांगता आलं नाही आणि त्याचं वाटोळं झालं ते एवढ्यावरूनच. कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. कुणी विचारलं की हा गडी म्हणायचा, "सा-सात रुपयं सुटत्यात म्हैन्याला." म्हणजे शहरातल्या टांग्यांच्या घोड्यांना नाल मारून जे रोख हातात पडायचे, तेवढेच. बाकीचं तो धरतच नव्हता.

बाकीचं म्हणजे शहराला लागून असलेलं उचगाव. तिथल्या पस्तीस घरांचे बैल त्याच्याकडं होते. बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुराच्या दोन्ही फाकांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या. सिकंदर बैलाच्या कानाशी पुटपुटत काम करायचा, आणि उचगावातला सगळ्यात मारका बैलसुद्धा त्याच्यापुढं गप पडून राहायचा. या कामाला कुणी पैसा देत नसे. सुगीला खळ्यावर गेलं की एकेक घर दोन-दोन पायल्या जोंधळा त्याच्या पसरलेल्या जाड्याभरड्या चवाळ्यात ओतायचं. त्याला बैतं म्हणायचं. वर गुऱ्हाळावरची काकवी, बांधावरची भाजी, गावातल्या म्हाताऱ्या धोंडुबाईकडचं ताक, चुलीला लाकूडफाटा. आता, विहिरीच्या पाण्याला कुणी मिळकत म्हणतं का? मग सिकंदर तरी याला कशाला म्हणेल?

या बैत्याचा एक कायदा होता. कागदावर कुठं नव्हता, पण पाटलापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. लागोपाठ तीन सुग्या ज्याचा हातोडा खुरावर पडला, घरं त्याची. सिकंदरच्या बापाला ती घरं तशीच मिळाली होती.

अशात अमीन आला. अमीन म्हणजे सिकंदरच्या बायकोचा, खैरुनबीचा थोरला भाऊ. तोही नालबंदच. तीन वर्षं आफ्रिकेत, नैरोबी नावाच्या गावात, एका गोऱ्याच्या तबेल्यात राहून आला होता. अंगात लोकरी कोट, खिशात साखळीचं घड्याळ. बहिणीकडं पंधरा दिवस मुक्काम ठोकला आणि रोज एकच टुमणं लावलं.

"चाळीस रुपयं पगार हाय, दाजी. तुमचं हितलं सा कुठं आन तिथलं चाळीस कुठं? माझी कंबर धरलीया, न्हाईतर मी कशाला सोडून आलो असतो? माझ्या जाग्यावर तुम्ही जावा. तुमची उचगावची घरं मी बघतो. जोंधळा खैरुनच्या घरातच पडंल."

खैरुनबी पाटावर बसून भाकरी थापत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, तिथं पीठ काय भावानं मिळतंय ते इचारा की."

सिकंदरनं विचारलं. अमीन हसला. "रुपया हितला तोच तिथं चालतोय. तोंडबी त्याच गोऱ्या राजाचं."

हे खरं होतं, हीच तर लबाडी. रुपया तोच म्हटल्यावर त्याला येणारं पीठही तेवढंच, असं सिकंदरनं धरून घेतलं. उलट अमीननंच त्या पंधरा दिवसांत त्याला खोदून खोदून विचारलं: उचगावात घरं किती, बैल किती, कोण पायली शिगोशीग भरतं, कोण हात आखडतं. मेव्हण्याला आपल्या संसाराची काळजी आहे म्हणून सिकंदर खुशीत सगळं सांगत बसला. बिचारा!

चाळीसाच्या नादानं, बायकोला आणि दोन पोरींना मागं ठेवून, तो आगबोटीत बसला. नैरोबीला पोचला आणि पहिल्या महिन्यातच डोळे पांढरे व्हायची पाळी आली. पत्र्याची खोली, तीही तिघांत मिळून, तरी आठ रुपये भाडं. पीठ, डाळ, तिखट सगळं बोटीतनं येणार, मग आगगाडीतनं चढणार, त्यामुळं कोल्हापूरच्या तिप्पट-चौपट भाव. जळण विकत. पाणीसुद्धा विकत! आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पाण्याच्या घागरीला पैसे मोजले, तेव्हा त्याला रांगेत उभ्या उभ्या रडू आलं. काटकसर करून, एक वेळ मक्याच्या पिठावर काढून महिन्याकाठी पाच रुपये उरायचे, तेवढे घरी धाडायचा. म्हणजे कोल्हापुरात सहा हातात पडून पोटभर खात होता, तो इथं चाळीस मिळवून अर्धपोटी पाच धाडत होता. शिवाय तापानं फणफणला तरी विचारायला कुणी नाही. उचगावात साधी शिंक आली तरी धोंडुबाई काढा पाजायची. ते कुठल्या रकमेत धरायचं, हे त्याला आत्ता कळायला लागलं होतं.

आणि हे सगळं अमीनला ठाऊक होतं. तीन वर्षं तोही त्याच रांगेत घागर घेऊन उभा होता की! पण सिकंदरच्या मनात तेव्हा तसं काही आलं नाही. त्याला वाटलं, अमीनभाईच्या वेळी स्वस्ताई असेल. साधी माणसं दुसऱ्याच्या खोटेपणालासुद्धा आपल्याच पदरची सबब देतात.

दुसऱ्या सुगीनंतर त्यानं घरी कळवलं, तिसरीच्या आत परत येतो. खैरुनबीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची पत्रं अमीन लिहायचा, आणि नैरोबीच्या बाजारातला एक कारकून सिकंदरला ती वाचून दाखवायचा. उत्तर आलं: 'आत्ता येऊ नका. भाई तुमच्याच नावानं पत्र्या मारतोय. रिकाम्या हातानं आलात तर लोक हसतील. एक सुगी अजून काढा.'

बायकोलाही आपल्यापेक्षा पैसा हवा, हे त्याला फार लागलं. पण तो राहिला. तिसरी सुगी त्यानं तिथंच काढली आणि पुढच्या वर्षी, चौथीच्या तोंडावर, अंगात हाडं तेवढी घेऊन कोल्हापुरात उतरला.

खैरुनबीनं दारातच त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं. म्हणाली, "किती पत्रं घातली, या म्हणून. आत्ता याची सवड झाली?"

सिकंदरनं तिला तिचं पत्र म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द पाठ होता त्याला. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी सांगितलं हुतं, उपाशी राहू, पर तुम्ही या. भाईनं म्होरं बसून लिव्हलं, आन वाचूनबी दावलं मला."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. जोंधळा घरात पडला होता तो पहिली सुगीच. दुसरीला निम्मा आला, आणि तिसरीला अमीन म्हणाला होता, औंदा उचगाव पिकलं नाही.

सिकंदर तसाच उचगावला गेला. पाटील गणपतरावांच्या खळ्यावर मळणी झाली होती आणि अमीन चवाळं पसरून बसला होता. आयत्या बिळावरचा नागोबा! सिकंदरला बघून त्याची मान जराशी हलली, पण तो उठला नाही.

"दाजी, मी खोटं काय सांगितलं? चाळीस मिळत हुतं का न्हाई?"

"आन पत्रं?"

अमीन चवाळ्याचं टोक सारखं करायला लागला. गणपतराव खाली बघत म्हणाले, "तीन सुग्या झाल्या, सिकंदर. बैलांना पत्र्या लागत्यात. रीत मोडता येत न्हाई."

पायली मापणारा केरबा गावात नवा होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. अमीनचं माप ओतून झाल्यावर, खळ्यावरनं कुणी रिकामं जाऊ नये म्हणून तो सिकंदरला म्हणाला, "पावणं, तुम्हीबी धोतर पसरा. फकिराचा वाटा असतोय."

गणपतरावांनी केरबाला अडवलं नाही. सिकंदरला वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. पण घरी दोन पोरी होत्या. त्यानं धोतराचा सोगा पसरला.

खैरुनबीनं तो मूठ-पसा जोंधळा बघितला. डोक्यावर पदर घेतला आणि भावानं मागच्या गल्लीत घेतलेल्या घराकडं सरळ निघाली. सिकंदर मागनं गेला. अमीन नुकताच पोती उतरवून बसला होता.

"भाई, एक पत्र लिव्हून द्या," ती म्हणाली. "पर या खेपेला मी सांगते तेच लिव्हा."

अमीननं दौत ओढली. "कुणाला लिव्हायचं?"

"आईला, गावाकडं. लिव्हा, तुझा ल्योक आफ्रिकेत मेला. परत आला त्यो दुसराच कोणतरी."

अमीनचा टाक कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. शाईचा डाग वाढत गेला. मग खाली मान घालून त्यानं काहीतरी दोन ओळी लिहिल्या आणि कागद पुढं केला.

खैरुनबीनं कागदाला हात लावला नाही. "मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली, "आन ज्याच्यावर इस्वास ठिवून ऐकायची, त्यो भाऊ गेला."

मग ती सिकंदरला म्हणाली, "चला, जोंधळा दळायचा हाय." आणि दोघं घरी आली.