मनकर्णाबाईनं रेंज आणली

हिवरखेडात कोणाच्या वांग्याला कीड लागो नाहीतर कोणाची मोटर पाणी टाकेनाशी होवो, लोक आधी मनकर्णाबाईला विचारतात. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पण चाळीस वर्षं भाजीपाल्यात गेलेली. तिचं एक शास्त्र आहे: शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नसेल तर मोटरीला शिव्या देऊ नये. पाण्याचा दांड धरून चालत जावं. कुठंतरी ढेकूळ आडवं पडलेलं असतंच.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नात आचल शेतकीची पदवी घेऊन घरी आली अन् स्कूटीवरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये. अशात अकोल्याच्या एका बियाण्याच्या प्रयोगशाळेनं तिची मुलाखत फोनवर ठेवली. सोमवारी फोन आला अन् तीनदा कटला. तिकडच्या मॅडम भल्या. म्हणाल्या, "गुरुवारी अकराला पुन्हा करते. पण आता शेवटचं हं."

घरात सुतक पडल्यासारखं झालं. आचलच्या बापानं, किशोरनं, दुसऱ्या कंपनीचं सिम आणलं. फरक शून्य. दुकानदारानं फोन बंद-चालू करून टॉवरवर खापर फोडलं. आजोबा खुशालरावांनी तर फोन स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवला.

"आवाज घुमते म्हणे," ते म्हणाले.

"रेंजच नाई, अन् घुमवता काय? कप्पाळ?" मनकर्णाबाई म्हणाली.

"माय, आचलले खाटेसकट आंगनात नेऊ," किशोर म्हणाला.

"पंचेचाळीस डिग्रीत? पोरीचा पापड भाजतं काय रे?"

बुधवारी दुपारी ती गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. निवडता निवडता हात थांबला. संक्रांतीला याच खोलीत, याच खाटेवर पडून, ती बाळापूरच्या बहिणीशी, पंचफुलाशी, तासभर बोलली होती. फोन एकदाही कटला नव्हता. टॉवर तोच, फोन तोच, मातीच्या जाड भिंती अन् वरचं टिनही तेच. मग मधात आडवं काय आलं?

ती उठली. पदर डोक्यावर घेऊन, फोन हातात धरून, दांडाच्या कडेनं चालावं तशी घराभोवती फिरली. अंगणात रेंजच्या चार काड्या. खोलीत शिरलं की एक. मागच्या बाजूला आली तर कापसाच्या जिनिंग मिलच्या पलीकडे टॉवर सरळ समोर. अन् टॉवरकडं तोंड असलेली घरातली एकच खिडकी. त्या खिडकीत, काठोकाठ, रंगपंचमीला बसवलेला टिनाचा कूलर! तो असाच मृगापर्यंत बसायचा.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "हा कूलर काढा."

"येडी झाली काय व तू? जीव घेतं काय आमचा?"

"काढा म्हन्ते ना. ढेकूळ सापडलं."

किशोरनं अन् खुशालरावांनी कुरकुरत कूलर ओढला. आचलनं खाटेवरूनच फोन पाहिला अन् ओरडली, "आजी व, तीन काड्या!"

गुरुवारी अकराला खोलीची भट्टी झाली होती. आचल खिडकीशी, प्लास्टरचा पाय उशीवर. खुशालराव तिला सुपानं वारा घालत होते अन् त्यांचाच घाम सुपावर टपकत होता. मनकर्णाबाई उंबऱ्यात, डोळे मिटून. एक मिनिट गेलं. पाच गेली. मातीबद्दल विचारलं, बियाण्याच्या उगवणीबद्दल विचारलं, पोरगी धडाधड बोलत राहिली. अठ्ठावीस मिनिटं! शेवटी मॅडमनं आभार मानून आपल्या हातानं फोन ठेवला. त्या उन्हाळ्यात त्या घरात आपणहून न कटलेला तो पहिला फोन.

आठ दिवसांनी नोकरीचा कागद आला. प्लास्टर निघालं अन् आचल अकोल्याला रुजू झाली. किशोरनं दुसऱ्या भिंतीला भोक पाडून कूलर तिकडं बसवला. गल्लीतले महादेवराव रेंजची तक्रार घेऊन आले, तर बाईनं पहिला सवाल केला, "भाऊ, कूलर कोन्त्या खिडकीत हाये?" त्यांचाही टॉवरकडच्याच खिडकीत निघाला.

नोकरीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आचलचा फोन आला होता. "आजी, मॅडम विचारत होत्या, तीन दिवसांत नेटवर्क कोन्या इंजिनियरनं नीट केलं? म्या सांगतलं, माह्या आजीनं. भाजीपाला लावते. मॅडम सगळ्याईले सांगून रायल्या!"

मनकर्णाबाईचे कान लाल झाले. खुशालराव छाती काढून शेजारी बसले होते, जसं काही सूप हलवल्यामुळंच नोकरी लागली.

"बरं, बरं," ती म्हणाली. "वांग्याले पानी द्याचं राह्यलं माय. ठेवते."

अन् फोन तिनं स्वतः कापला.