टाच आणि चार बोटं

हिंगण्याच्या कारखान्यात माझी उभी हयात मापं तपासण्यात गेली. केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवतो. घरात मात्र माझ्या मापाला कोणी विचारत नाही, आणि त्याला कारण मीच.

मुलगी शाळेच्या संघात खो-खो खेळायची. खेळतानाच गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी ती चालता चालता हळूहळू पळायलाही लागली. पण खो-खोत पळायच्या आधी बसावं लागतं, चौकोनात, उकिडवं. नेमकं तेच जमेना, आणि निवड महिन्यावर आलेली.

रोज संध्याकाळी ती पालथी झोपून पाय मागे दुमडायची. टाच मागे कुल्ल्याला टेकायला हवी. राहिलेलं अंतर बायको बोटांनी मोजायची. फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, जबरदस्ती नको, येईल तेवढाच पाय आणा. येत होता तो चार बोटांपर्यंत. पुढे नाहीच.

एकदा बायको कन्हानला माहेरी गेली आणि मोजणी माझ्याकडे आली. मी चष्मा लावला, बोटं घातली. "तीन."

"खरंच? पुन्हा पाहा न, बाबा."

पुन्हा तीनच. ती उशीत तोंड खुपसून हसली. मग मैत्रिणीला फोन. "मी येऊन राहिली वं निवडीले. माझी जागा कोणाले देऊ नका."

दुसऱ्या दिवशी बायको परतली. तिनं मोजली. चार.

"काल तर तीन होती," मी म्हटलं.

तिनं माझा पंजा ओढून आपल्या पंजाशेजारी ठेवला. "हे बोटं आहेत का केळं? तुमचे तीन म्हणजे माझे चार. कारखान्यात काहून ठेवलं जी तुमाले?"

मी हसलो. मुलगी हसली नाही. "मैत्रिणीले सांगून टाकलं ना मी," एवढंच म्हणाली.

निवडीच्या आदल्या आठवड्यात तिला फिजिओथेरपीच्या मॅडमकडून स्कूटरवर घरी आणत होतो. वाटेत शाळेचं मैदान लागलं.

"थांबवा न जरा."

सराव चालू होता. पळणाऱ्या पोरींकडे तिचं लक्षच नव्हतं. तिच्या चौकोनात दुसरी मुलगी बसली होती, गुडघे मिटून, अगदी सहज.

"पाहा न बाबा, कशी बसून राहिली," ती म्हणाली. "तिले माहीतही नाही, की ती बसली आहे."

मी स्कूटर बंद करून स्टँडवर लावली.