केवळाबाईनं कंपनीकडं गवत मागितलं

तुमच्या गावात कंपनी आली आणि तिच्या साहेबानं वही उघडून विचारलं, "गावाला काय पाहिजे?" तर तुम्ही काय सांगाल? खरं सांगा. कमान? सभामंडप? का कंपनीचं नाव टाकलेली सिमेंटची बाकडी? मुखेडजवळच्या आमच्या हिवरवाडीनं तर तिन्ही मागितलं आणि वर टाळ्या वाजवल्या. गावात एकच बाई वेगळं बोलली. तिचं बोलणं कुणी वहीत घेतलं नाही, म्हणून मी इथं लिहून राहिलो.

केवळाबाई धनगराची लेक, धनगराचीच सून. साठी ओलांडलेली. देगलूरकडून लग्न होऊन आली तेव्हा बापानं भांड्यांसोबत चार मेंढ्या दिल्या होत्या. पुढं नवरा गेला, लेक हैदराबादला बांधकामावर गेला, पण चाराच्या चाळीस झालेल्या मेंढ्या तिनं सोडल्या नाहीत. शाळेची पायरी चढली नाही कधी, पण कळपातली कोणती मेंढी कोणाची नात, हे ती न अडखळता सांगते.

हा कळप गावाच्या गायरानावर चरायचा. दोन वर्षांपूर्वी ते गायरान सोलरला गेलं. ठराव झाला, तारेचं कुंपण पडलं, पॅनलच्या रांगा उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलू, शेताला दिवसा लाईट मिळायला लागली. पण केवळाबाईच्या मेंढ्यांना तोंड घालायला जागा राहिली नाही. पहिला उन्हाळा तिनं बांधाबांधानं, लोकांच्या शिव्या खात काढला. दुसरा निघणार नव्हता. गवत मिळालं नाही तर कळप मुखेडच्या बाजारात उभा करायचा, एवढंच तिच्यापुढं उरलं होतं.

कंपनीला गावाचं काहीच वाटत नव्हतं असं नाही. गावकामासाठी त्यांनी दयानंद नावाचा माणूस ठेवला होता. लातूरचा, शिकलेला, गोड बोलणारा. त्यानं बायांना शेळ्या वाटायची योजना आणली. मांडव पडला, शेळ्यांच्या गळ्यात हार, मागं कंपनीचा फलक, पुढं फोटोवाला. केवळाबाईचं नाव पुकारलं. ती उठली, शेळीचं तोंड उघडून दात बघितले आणि दोरी दयानंदच्याच हातात परत दिली.

"सायब, शेळी चांगली हाय. पण चारू कुठं? चरायची जागा तर तुम्ही तारेत घातली. आता हिला हा फलक चारू का?"

मांडव हसला. दयानंद ओशाळला, पण चिडला नाही.

"मग मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"गवत. तुमच्या तारेच्या आतलं."

बाई उगीच बोलत नव्हती. वर्षभर ती कुंपणाबाहेरून बघून राहिली होती. पॅनल धुतले की पाणी खाली ठिबकायचं. त्या ओलीवर आणि सावलीत गवत असं माजायचं, की चैतात सगळा माळ भाजलेला आणि पॅनलखाली मात्र गुडघाभर हिरवं. ते वाढून काचेवर सावली धरायचं. मग गवत कापायच्या पेट्रोलच्या मशीनी घेऊन माणसं यायची, आणि पातं खड्याला लागलं की खडा उडून काच तडकायची. ज्या गवतापायी कंपनी बेजार, त्याच गवतापायी ही बाई बेजार, आणि मधी एक तार.

दयानंद म्हणाला, "जनावर आत सोडायचा हुकूम नाही." त्यात चौथ्याच दिवशी फजिती झाली. वाटपातली एक शेळी कुंपणाखालून आत घुसली आणि पॅनलवर चढून ऐटीत उभी राहिली. कंपनीची शेळी, कंपनीचंच पॅनल. तो फोटो सगळ्या मुखेडच्या मोबाईलवर फिरला. कंपनीनं गेटला दुसरं कुलूप घातलं.

गावची निवेदनं, आंदोलनं मीच करतो. माझं डोकं सटकलं. निवेदन लिहिलं, गेटला टाळं ठोकायची तारीख टाकली आणि अंगठा घ्यायला केवळाबाईकडं गेलो.

"शेषेराव," ती म्हणाली, "टाळं तर दोन-दोन हायत. तू तिसरं लावून काय करतो? मला ते उघडायचंय."

"काकू, या लोकांशी गोड बोलून काही मिळत नसतं."

"मग तू बोल कडू. मी मेंढीचं बोलते."

आणि बोलली. पुढच्या ग्रामसभेत बाया बसतात त्या भिंतीकडून उठून थेट मधी आली.

"सायब, शेळी वर बघून चरती, मेंढी खाली बघून. शेळीला चढायला लागतं, मेंढीला खालचं खुरटं लागतं. तुम्ही शेळीला बघून मेंढीला बाहेर काढून राहिले. एक रांग द्या, आठ दिवस द्या. एक जरी काच फुटली तर मी कळप घेऊन सरळ बाजार गाठीन, तुमच्या गेटकडं परत बघणार न्हाई."

कंपनीची इंजिनिअर लुंबिनी तिथंच होती. नायगावची पोरगी, मोजकं बोलणारी. "मशीननं तडकलेली पॅनलं मीच बदलून राहिले," ती दयानंदला म्हणाली. "एक रांग बघू द्या ना, सर." दयानंदनं वरच्या ऑफिसला फोनावर फोन केले. दोन दिवसांनी मंजुरी आली. एक रांग, आठ दिवस, आणि बाईची अट जशीच्या तशी.

पहिल्या सकाळी गेट उघडलं, तर केवळाबाई आत जाईना. उकिडवी बसून पॅनलखाली बघत राहिली.

"ह्या लोंबत्या वायरी आधी वर बांधा. कोकरू अडकलं तर तुमची लाईट बी जाईल अन् माझं कोकरू बी."

लुंबिनीनं माणसं लावून अख्खा दिवस वायरी बांधल्या. दुसऱ्या सकाळी कळप आत गेला. दयानंदनं विचारलं, "मावशी, तो मोठ्या शिंगांचा कुठाय?"

"एडका व्हय? घरी बांधलाय. चकचकीत काचेत सोताला बघितलं की त्याला वाटतं दुसरा एडका आलाय. लगेच टक्कर." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "म्हणूनच शेषेरावाला बी तारेबाहेर ठेवलंय."

गेटवरचे वॉचमन पोट धरून हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

आठ दिवस रांगेच्या एका टोकाला केवळाबाई, दुसऱ्या टोकाला तिची सून उज्वला. मी तारेबाहेर. पाचव्या दिवशी आतून ठण्णकन आवाज आला. माझ्या हातातला चहा सांडला. लुंबिनी धावत गेली, मागं दयानंद. केवळाबाई मात्र बसल्या जागेवरून हलली नाही.

"खांबाला पाठ घासून राहिली ती. खाज सुटली आसंल. तुम्हाला सुटत न्हाई का?"

काच शाबूत होती.

आठव्या दिवशी अर्धं गाव कुंपणाला चिकटलं. लुंबिनी एकेका पॅनलवर हात फिरवत, मीटर लावत रांगेच्या शेवटापर्यंत गेली. उज्वलानं पदर तोंडात धरला होता. लुंबिनी परत आली.

"एक पण नाही," ती म्हणाली. "आणि सर, शेजारच्या रांगेपेक्षा ही रांग जास्त वीज देऊन राहिली. खालच्या पॅनलवरची सावली गेली ना."

रांग न्हाव्यानं डोकं भादरावं तशी साफ. उज्वलानं सासूला मिठी मारली. केवळाबाई म्हणाली, "सोड, मेंढ्या पांगतील."

मग करार आला, इंग्रजीत. केवळाबाईनं अंगठा आवरून धरला. "मराठीत करा, चार माणसांत वाचा." दयानंदनं मराठीत करून आणला, मी ग्रामसभेत वाचला. एका ओळीत लिहिलं होतं की परवानगी कंपनी कधीही मागं घेऊ शकेल. मी तिथंच भडकलो, टेबलावर हात आपटला. केवळाबाईनं मला बसायला लावलं आणि दयानंदला एवढंच म्हणाली, "ही ओळ काढा."

तो पंधरा दिवस वरच्या ऑफिसशी भांडला आणि ओळ काढून आणली. कंपनीच्या माणसाबद्दल मी चांगलं क्वचित लिहितो, हे लिहितो. आता करारात आहे, की प्रकल्प असेपर्यंत चराईचा पहिला हक्क गावच्या मेंढपाळांचा. मशीनवाल्याला जी मजुरी जायची ती त्यांना. आत पाण्याचा हौद, सावलीला पत्र्याचं शेड, वर्षातून दोनदा जनावरांचा डॉक्टर.

आज पाळीपाळीनं अकरा कळप आत चरतात. दिवाळी झाली की चाऱ्यापायी धर्माबादच्या पलीकडं तेलंगणात उतरणारी मेंढपाळांची घरं यंदा गावातच राहिली, त्यांच्या लेकरांची नावं शाळेच्या हजेरीवर टिकली. कंपनीचा असाच प्रकल्प उदगीरकडं आहे, तिथले इंजिनिअर शिकायला आले होते. केवळाबाईनं त्यांना पायताण काढायला लावून गवतातून चालवलं. ओलं गवत मेंढीला बाधतं, दव सुकल्याशिवाय कळप आत घ्यायचा नाही, हे आधी पायाला कळू दे म्हणाली. तिचा स्वतःचा कळप आता त्रेपन्नाचा आहे. बाजारात नेण्याची भाषा कुणी काढत नाही.

तुमच्याकडं सोलर येत असेल, पवनचक्की येत असेल, तर ठराव करायच्या आधी एक सकाळ हिवरवाडीच्या गेटवर या. येताना सरपंच, पुढारी घरी ठेवा. ज्या माणसाचं जनावर त्या जमिनीवर चरतं त्याला सोबत आणा, आणि केवळाबाईशी त्यालाच बोलू द्या.