हात लावला की थांबणारं टर्मिनल

संगीताताईंच्या पायाखाली रबरी चटई होती, पायात रबरी चपला होत्या आणि हातातल्या बांगड्या काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या. एवढं करूनही त्यांचं टर्मिनल मध्येच बंद पडत होतं. मी पोहोचलो तेव्हा उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग पार फाटकाबाहेर गेली होती. वजनकाट्याचे हेड जगतापसाहेब मला दारातच म्हणाले, “कोळपे, तुमच्या मशीनला या बाई सोसत न्हाईत.”

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी पुण्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. मूळचा निमोण्याचा, म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यातले सगळे कॉल आपोआप माझ्या गळ्यात पडायचे. साहेबांचा समज असा की गावाकडचा माणूस आहे, एसटीला लोंबकळायची सवय असेल. सवय होती, पण म्हणून आवड होती असं नाही.

कारखाना भीमेच्या काठचा. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून लग्नात भेटतात. मेन ऑफिसात युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारा एकच कॉम्प्युटर होता. त्याच्यापासून लांब वायरी ओढून काट्याच्या केबिनीत टर्मिनलं बसवली होती. टर्मिनल म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नसतं, विचार सगळा तिकडे ऑफिसात चालतो. गाडी काट्यावर आली की ऑपरेटरनं गाडीचा नंबर, शेतकऱ्याचा कोड आणि गाव टाकायचं, वजन घ्यायचं, की टर्मिनलच्या मागे जोडलेल्या छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर.

संगीताताई त्या सीझनला नव्यानं लागल्या होत्या. वरवंडहून यायच्या. त्या बसल्या की दिवसातून कधीतरी स्क्रीन गोठायचा. काही टाका, उमटायचं नाही. त्या घाबरून एंटर, एंटर करत राहायच्या. मग कोणीतरी टर्मिनल बंद करून चालू करायचं आणि ते पुन्हा सुरू व्हायचं. पण सुरू होताना एकाच गाडीच्या तीन-चार पावत्या धडाधड छापून निघायच्या. गाडीवान खूश व्हायचा, जगतापसाहेब नाही. त्यांनी टर्मिनल बदललं, टेबल बदललं, वायरीच्या जागा बदलल्या. बिघाड ताईंच्या मागे जायचा. दुसरं कोणीही बसलं की सगळं सुरळीत.

मग अंगातल्या करंटची थिअरी आली. ती कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण चटई तिच्यामुळेच आली आणि बांगड्याही तिच्यामुळेच उतरल्या. सवाष्ण बाईचे मोकळे हात बघून घरी सासूबाईंनी अबोला धरला होता. आणि हे सगळं सोसूनही नोकरी जायचीच वेळ आली होती. आठवड्याच्या शेवटी एमडी येणार होते. नव्या लोकांना कायम करायचे कागद त्यांच्यापुढे जायचे होते आणि त्यातून ताईंचं नाव जगतापसाहेबांनी बाजूला काढून ठेवलं होतं. साहेब वाईट नव्हते. त्यांना रांग हलायला हवी होती, एवढंच. तरी ताईंची ती मोकळी मनगटं बघून मला फार वाईट वाटलं, आणि माझ्याच मशीनचा रागही आला.

मी शेजारी स्टूल टाकून बसलो. अख्खी सकाळ टर्मिनल शहाण्यासारखं चाललं. जगतापसाहेब म्हणाले, बघा, इंजिनिअर बसला की मशीनला धाक राहतो. पण मला दिसत होतं ते वेगळंच. माझ्या देखत ताई एकेक की शोधून, एका बोटानं दाबत होत्या, शाळेत परीक्षक मागे उभा राहिल्यावर आपण लिहितो तशा.

म्हणून मी चहाचं निमित्त करून उठलो आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. बाहेर ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. आतून कीबोर्डचा आवाज बदलला. टक, टक, टक होता, तो सरसर झाला. मी हळूच वळून बघितलं. ताईंची नजर हातातल्या चिठ्ठीवर, आणि दहाही बोटं आपापल्या कामाला लागलेली. असा टायपिंगचा हात मी पुण्यातही फार पाहिला नव्हता. थोड्याच वेळात सरसर थांबली. ताई न वळताच म्हणाल्या, “साहेब, पडलं.”

मी गेलो आणि कंट्रोल-क्यू दाबलं. स्क्रीन लगेच पळायला लागला. केबिनीतले सगळे माझ्याकडे देवऋष्याकडे बघावं तसे बघायला लागले. मी मात्र ताईंना विचारलं, की बंद पडायच्या आधी काय केलं होतं.

“काय न्हाई. नंबर चुकला व्हता, मागं गेले.”

“मागं कशानं गेलात?”

“बोटानं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मागं जायला बाणाची की आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “बाण बघाया नजर खाली न्यावी लागती. तेवढ्यात दोन आकडे टाकून व्हत्यात.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाआधी ताई शिरूरला कोर्टासमोरच्या एका टायपिंगच्या दुकानात होत्या. तिथे वर्डस्टारवर अर्ज आणि दावे टाइप करायच्या. वर्डस्टार हा त्या काळचा लिहायचा प्रोग्राम. त्यात एक अक्षर डावीकडे जायचं असेल तर कंट्रोल आणि एस दाबायचं. हात कीबोर्डवरून उचलायला नको म्हणून ही सोय. काही वर्षं हेच केल्यावर ते डोक्यातून निघून बोटात जातं. सायकलचा ब्रेक आपण विचार करून दाबत नाही, तसंच.

आता युनिक्सकडे येतो. टर्मिनलवर एखादी की दाबली की ते अक्षर सरळ स्क्रीनवर येतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. ते आधी वायरीतून ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे जातं. तिथे युनिक्सचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो आपल्या कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा बसलेला असतो. आलेलं प्रत्येक अक्षर तो तपासतो. साधं अक्षर असेल तर प्रोग्रामकडे सोडतो. पण काही ठराविक अक्षरं तो आत सोडतच नाही. ती त्याच्या स्वतःसाठी हुकूम असतात. कंट्रोल-एस म्हणजे ‘या टर्मिनलला पाठवायचं थांबव’. कंट्रोल-क्यू म्हणजे ‘आता पाठव’. म्हणजे ताई म्हणत होत्या ‘एक घर मागं चल’ आणि कर्नल ऐकत होता ‘थांब’. तो बिचारा हुकूम पाळत होता. त्यात तो आज्ञाधारकही इतका, की पाठवणं थांबवलं तरी ताईंनी मारलेले एंटर तो एकेक करून राखून ठेवायचा. टर्मिनल बंद करून चालू केलं की ते आपण होऊनच कंट्रोल-क्यू पाठवायचं, आणि साठलेले सगळे एंटर प्रोग्रामवर जाऊन पडायचे. त्या जादा पावत्या म्हणजे तेच एंटर.

बाकीचे ऑपरेटर दोन बोटांनी टाइप करायचे, खाली बघून. त्यांना हा त्रास होणं शक्यच नव्हतं. कारखान्यातल्या सगळ्यात चांगल्या टायपिस्टलाच तो होत होता.

मी जगतापसाहेबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग सोपं आहे, ती की दाबायची नाही म्हणून बाईंना सांगा. ताईंनी प्रयत्नही केला. दुपारभर त्या जपून बसल्या. वेग गेला, रांग वाढली, आणि एवढं करून संध्याकाळच्या आत बोटानं दगा दिलाच. त्यांचे डोळे भरून आले. “बोटाला सांगून काय व्हतंय साहेब,” त्या म्हणाल्या. “त्याला ऐकूच येत न्हाई.” जगतापसाहेबांनी कंट्रोलची टोपीच उपटून टाकायचा उपाय सुचवला. मी कीबोर्ड त्यांच्यापासून जरा लांब सरकवला.

मग म्हटलं, बाईंना बदलण्यापेक्षा वॉचमनला बदलू. युनिक्समध्ये एक कमांड असते, तिनं कर्नलला सांगता येतं की या टर्मिनलवरून आलेले हे दोन हुकूम मानू नकोस, साधी अक्षरं समजून सोडून दे. ती मी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सुसाट सुटल्या. स्क्रीन एकदाही अडला नाही. मी जगतापसाहेबांकडे बघून मिशीला पीळ द्यायच्या बेतात होतो.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पावती हातात धरून परत आले. डोक्याला मुंडासं, चेहऱ्यावर राग नाही, नुसतं कुतूहल.

“काय झालं आबा?” मी विचारलं.

“माझा ऊस हाय, माझं वजन हाय,” ते म्हणाले. “पर मी कुठला, ते न्हाई. गावच गेलं माझं.”

पावती बघितली. नावाचा शेवट, कोड आणि गाव, मधला सगळा मजकूर गायब. विचारलं तर आबा निमोण्याचेच निघाले. म्हणजे मी माझंच गाव पुसलं होतं.

कारण माझ्या लगेच लक्षात आलं आणि पीळ उतरला. प्रिंटर हळू चालतो, वायरीतून मजकूर भराभर येतो. प्रिंटरचं पोट भरलं की टर्मिनल स्वतःच ऑफिसकडे ‘थांब’ पाठवतं, रिकामं झालं की ‘चालू’. आणि हे ‘थांब’ म्हणजे तेच कंट्रोल-एस, त्याच वायरीतून. ते ताईंच्या बोटातून आलं की प्रिंटरच्या पोटातून, हे कर्नलला कळायचा मार्गच नव्हता. मी त्याला दोघांचंही ऐकू नकोस म्हणून सांगून बसलो होतो. प्रिंटर ‘थांब, थांब’ करत होता आणि त्याच्या तोंडात घास कोंबणं चाललं होतं. जे सांडलं त्यात निमोणे गेलं.

आबांची पावती हातानं पुरी करून दिली, कमांड मागे घेतली. एमडी दुसऱ्या दिवशी यायचे होते. ताईंनी ड्रॉवर उघडून बांगड्या पिशवीत ठेवल्या, जागा सोडायचीय असं धरूनच. ते बघून मला चैन पडेना.

प्रश्न एवढाच होता की ताईंचे आणि प्रिंटरचे निरोप एकाच वाटेनं येत होते. मग दुसरी वाट करायची. टर्मिनलला येणाऱ्या केबलमध्ये चार तारा होत्या. तीन वापरात, एक नुसतीच पडून. कॉम्प्युटरच्या पोर्टवर एक जादा पिन असते. तिच्यावर करंट असेल तर कर्नल मजकूर पाठवतो, नसेल तर थांबतो. अक्षराबिक्षराची भानगडच नाही. प्रिंटरचं थांब-चालू त्या चौथ्या तारेवर टाकलं, की कंट्रोल-एस ताईंना मोकळं.

वर्कशॉपमधून सोल्डरिंग आयर्न मागून आणलं. सोल्डरिंग मी पाबळला, तिथल्या हातानं काम शिकवणाऱ्या आश्रमात शिकलो होतो आणि पाबळला शिकलेलं सोल्डरिंग सुटत नाही, निदान आम्ही तिथले लोक तरी असं सांगतो. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये एक बदल, कर्नलला दोन नव्या कमांडी, दोन्ही टोकांना डाग. मग पुण्याला फोन लावून आमच्या प्रोग्रामरला गळ घातली. आता हे कंट्रोल-एस प्रोग्रामपर्यंत पोहोचणारच होतं, तर ते आल्यावर कर्सर एक घर मागे न्यायला काय हरकत? त्यानं फोनवरच ओळ सांगितली, मी टाकली.

एमडी आले तेव्हा बाहेर रांग होतीच. जगतापसाहेबांनी सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली, पण एमडींचं लक्ष ताईंच्या हाताकडे होतं. नंबर चुकला, हात न उचलता मागे, दुरुस्त, पुढे. पावती बाहेर, गावासकट. शेजारच्या काट्यावर एक गाडी उतरेपर्यंत इथून दोन गेल्या. एमडींनी विचारलं, “ह्या बाईंचं नाव आहे ना कागदात?” जगतापसाहेब क्षणभरही न थांबता म्हणाले, आहे की. आणि स्वतः ऑफिसात जाऊन कागद घेऊन आले. मी निघालो तेव्हा ड्रॉवर उघडा होता आणि बांगड्यांचा आवाज येत होता.

चौथी तार मात्र तेवढ्या एकाच टर्मिनलला जोडली. बाकीची नंतर बघू, असं ठरलं. पुढच्या सीझनला गेलो तरी ती बघायचीच राहिली होती. केबिनीत शिरलो तर रबरी चटई पाण्याच्या माठाखाली गेलेली, आणि कोपऱ्यातलं एक टर्मिनल गोठलेलं. कोणीतरी छपाई चालू असताना प्रिंटर बंद केला होता, त्यामुळे ‘थांब’ गेलं आणि ‘चालू’ गेलंच नाही. मी पुढे सरकणार, तेवढ्यात जगतापसाहेबांनी मला हातानं अडवलं.

“थांबा कोळपे, तुम्ही नका त्रास घेऊ. संगीताबाईंना बोलवा रे. त्यांचा हात लागल्याबिगर चालत न्हाई ते.”

ताई उठून आल्या. तळहाताच्या आडोशानं दोन बोटं कंट्रोल आणि क्यूवर टेकवली. स्क्रीन पळायला लागला. केबिनीतल्या लोकांनी माना डोलावल्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बिघाड एकाच माणसाच्या मागे फिरत असेल तर मशीन उघडत नाही. आधी त्या माणसाला विचारतो, याआधी नोकरी कुठं होती.