ओट्यावरचा विरोधी पक्ष

काका चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवू लागले की ओट्यावरची माणसं पाय आखडून नीट बसत. आता सुटका नाही, हे सगळ्यांना कळायचं. चष्म्याशिवाय काकांना समोरच्याचा चेहरा धड दिसत नसे, आणि माझी खात्री आहे की त्यासाठीच ते तो काढत. चेहरा दिसला की माणूस थोडं तरी सांभाळून बोलतो. चष्मा खिशात गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : "तुम्हाला आतली गोष्ट माहीत नाही."

आतली गोष्ट काकांनाही माहीत नसायची. ती त्याच दिवशीच्या पेपरात छापून आलेली असायची आणि ओट्यावरच्या सगळ्यांनी सकाळीच वाचलेली असायची. पण काका ती अशा आवाजात सांगत, की मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली असावी.

असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी असेल. तुम्हीही त्याला टाळायला कधीतरी लांबच्या रस्त्यानं गेला असाल. आणि नंतर, ते माणूस नसताना, त्याच्या दारावरून जाताना उगाच थबकला असाल.

आमची बिल्डिंग बोळिंजला, विरार पश्चिमेला. काका आमच्या मजल्यावर, अगदी समोरच्या दारात. मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्य मुंबईत गेलेलं. कंपनी बंद पडली तशी खोली विकून इकडे आले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. इथं त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. मुलगा नोकरीनिमित्त परराज्यात. काकू शांत, देवपूजा आणि वाचनात रमणाऱ्या. काकांना मात्र बोलायला माणूस लागायचा, आणि तोही उलट बोलणारा.

तो त्यांना मिळाला रस्त्यापलीकडे. तिथं भाऊंची वाडी होती. केळी, नारळ, थोडी भाजी, आणि पुढं कौलारू घर. भाऊ तिथले जुने. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तीही एकेकाळी त्यांच्या वडिलांची. काका पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर टेकले ते केळी घ्यायला गेले म्हणून. बोलता बोलता कळलं की भाऊ दुसऱ्या पक्षाचे. काका त्या दिवशी घरी आले ते इतके खुशीत, की काकूंनी विचारलं, "लॉटरी लागली का?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका त्या ओट्यावर. ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, की कुठल्या परक्या देशातलं सरकार पडलेलं असो, एक जण पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम म्हणणार. भाऊंच्या ओट्यावर भाऊंचाच चहा पिऊन काका भाऊंच्या पक्षाचे वाभाडे काढत. भाऊ शांतपणे सुपारी कातरत ऐकून घेत आणि मग एकच टोला देत. "काका, तुमच्या पक्षाला घोषणा द्यायला माणसं मिळतात, गटार साफ करायला मिळत नाहीत." वयानं मोठे असूनही भाऊ त्यांना काकाच म्हणत. सगळेच म्हणत.

पण या भांडणाला एक कुंपण होतं. तिन्हीसांजेला भाऊंची सून तुळशीपाशी दिवा लावायची. दिवा लागला की राजकारण बंद. हा नियम कुणी केला ते कुणाला आठवत नव्हतं, पण दोघंही तो देवाच्या नेमासारखा पाळत. काका वाक्याच्या मध्यावर असले तरी थांबत, हात जोडत, चष्मा घालत. मग विषय निघायचा राजेळी केळ्यांचा, ती वाळवून यंदा सुकेळी किती घालायची याचा, गुडघेदुखीचा. मी शाळेच्या ऑफिसातून घरी येताना कितीतरी वेळा पाहिलंय, दिव्याआधी ज्यांचे आवाज बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत येत होते ते दोघं दिव्यानंतर एकमेकांना तेलाच्या मालिशीचे उपाय सांगत बसलेले.

असं चांगलं चौदा-पंधरा वर्षं चाललं. आणि मग आली ती राष्ट्रपतीची निवडणूक.

आता मला सांगा, राष्ट्रपती निवडण्याशी आपला काय संबंध? मत देणार खासदार आणि आमदार. बोळिंजमधल्या एकाही माणसाला त्यासाठी रांगेत उभं राहायचं नव्हतं की बोटाला शाई लावून घ्यायची नव्हती. आमच्या नळाला तेव्हा दिवसाआड पाणी यायचं, तेही गढूळ. रस्ता पावसाळ्यात चिखलाचा. त्यावर भांडायला कुणी तयार नव्हतं. पण दिल्लीतल्या त्या मोठ्या घरात कोण राहायला जाणार, यावर मात्र ओटा पेटला.

भाऊंच्या पक्षाचा उमेदवार आपल्याच राज्यातला होता. काकांचा पक्ष त्या वेळी दिल्लीत दुसऱ्या बाजूला होता, म्हणून काका त्या उमेदवाराच्या विरोधात. भाऊ म्हणायचे, "अहो, पक्ष ठेवा बाजूला. आपला माणूस आहे." काका म्हणायचे, "आपला कसला? तुम्हाला आतली गोष्ट माहीत नाही. दिल्लीत गेला की कुणी आपला राहत नाही." ओट्यावर बसणारी बाकीची माणसंही वाटली गेली. कोण कुठल्या पायरीवर बसतो यावरून त्याची बाजू कळायला लागली. आमच्या जिन्यातसुद्धा लोक एकमेकांना "काय, तुमचा येतोय की पडतोय?" असं विचारू लागले. जणू त्यांच्या मताची पेटी उघडायची बाकी होती.

त्या संध्याकाळी मी भाऊंकडे अळूची पानं घ्यायला थांबले होते, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं. पाऊस थांबून नुसतं गळत होतं. वाद अगदी रंगात आला होता. तेवढ्यात सून आली, तिनं दिवा लावला. भाऊंनी सुपारीचा डबा मिटला आणि हात जोडले.

काका थांबले नाहीत.

"आपला माणूस, आपला माणूस म्हणून कुणाला सांगता?" ते म्हणाले. चष्मा खिशात होता. "ज्यांनी बापाची जमीन बिल्डरच्या घशात घातली, त्यांनी आपलं-परकं शिकवू नये आम्हाला."

सून दिव्यापाशीच उभी राहिली. भाऊंनी जोडलेले हात खाली घेतले आणि अगदी हळू म्हणाले, "घातली. म्हणून तुम्हाला राहायला घर मिळालं, काका." आणि ते आत गेले. मी तिथं अळूची पानं हातात धरून उभी. काका माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नसणार.

दुसऱ्या दिवसापासून काका ओट्यावर गेले नाहीत. मी काकूंना म्हटलं, "चार दिवसांत जातील." काकू म्हणाल्या, "तुला आमच्या घरचं खूळ माहीत नाही."

चार दिवस झाले आणि मोठीच गंमत झाली. काकांच्या पक्षानं जाहीर केलं, की उमेदवार आपल्या राज्यातला, तेव्हा आपण दिल्लीतल्या मित्रपक्षांना सोडून त्यालाच पाठिंबा देणार. म्हणजे भाऊंच्याच उमेदवाराला! टीव्हीवर ती बातमी आली तेव्हा समोरच्या दारातून येणारा टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. बिल्डिंगमधल्या टवाळांना तर पर्वणीच. कुणीतरी काकांना जिन्यात गाठून विचारलंच, "काका, आतली गोष्ट काय होती मग?" काका पिशवी घेऊन तसेच वर आले.

मला मात्र मनापासून आनंद झाला. मी म्हटलं, देवच पावला. ज्यावरून भांडले ते कारणच उरलं नाही. मी काकूंकडे गेले, खुर्ची ओढून काकांसमोर बसले.

"काका, आता तुम्ही दोघं एकाच बाजूला. आज जा ओट्यावर."

"मी का जाऊ?"

"कारण भांडण संपलं."

"संपलं कसं?" काका म्हणाले. "आम्ही त्यांच्या बाजूला गेलेलो नाही. उमेदवार आमच्या बाजूला आला. फरक आहे. तुला आतली गोष्ट—"

"काका, ते उमेदवाराचं सोडा हो. त्या दिवशी तुम्ही दिवा लागल्यावर बोललात. जमिनीचं बोललात."

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचत नव्हते एवढं मला कळत होतं. काकू आतून म्हणाल्या, "ऐकतील तर ते हे कसले?" मी तणतणत घरी आले. शाळेतल्या पोरांची भांडणं मधल्या सुट्टीत मिटतात आणि ह्या पिकल्या पानांना एक रस्ता ओलांडता येत नाही!

मग निकाल लागला. उमेदवार निवडून आला. त्या दिवशी दुपारी आमच्या जिन्यात कुणीतरी धापा टाकत, कठड्याला धरून वर येताना ऐकू आलं. मी दार उघडलं तर भाऊ. त्यांचे गुडघे किती दुखत ते मला ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांत ते आमच्या बिल्डिंगची पायरी कधी चढले नव्हते. बापाच्या जमिनीवर दुसऱ्यांची घरं, तिथं काय जायचं, असं असेल त्यांच्या मनात. आज ते चढले होते. हातात राजेळी केळ्यांची फणी.

काकांनीच दार उघडलं.

भाऊ हसले. "काका, आपला माणूस आला निवडून," ते म्हणाले आणि केळी पुढं केली.

मी माझ्या उंबऱ्यावर उभी. फक्त "आला" म्हणा, काका. नाहीतर काहीच म्हणू नका, केळी घ्या. काकांचा हात वर गेला. मला वाटलं केळी घ्यायला. तो चष्म्याकडे गेला.

"आला," काका म्हणाले. "पण कुणाच्या मतांनी? आमची मतं मिळाली म्हणून आला. तुमच्या बळावर येत नव्हता."

खरं सांगते, त्या क्षणी मला काकांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ज्यांना स्वतःला एक मत नव्हतं, ते दोन म्हातारे कुणाच्या मतांनी राष्ट्रपती झाला यावर दारात उभे! भाऊंनी केळी दाराशी खाली ठेवली, कठडा धरला आणि एकेक पायरी करत उतरून गेले. काकूंनी ती फणी उचलली, पण काकांना त्यातलं एक केळं दिलं नाही. सगळी बिल्डिंगमध्ये वाटली. मलाही दोन मिळाली.

पुढची वर्षं अशीच गेली. काका बसस्टॉपकडे जायला मागच्या चिखलाच्या वाटेनं फिरून जात, पण भाऊंच्या दारावरून नाही. आणि तरी संध्याकाळ झाली की खिडकीत उभे. मी परत आले की आडून आडून विचारत, "ओट्यावर कोण होतं गं?"

"तीच माणसं."

"आपली बाजू कोण मांडत होतं?"

"कुणी नाही, काका. हल्ली तिथं वादच होत नाही."

"मग बसतात कशाला?" ते चिडून म्हणत, आणि खिडकी लावून घेत.

तिकडे भाऊ भाजी तोलता तोलता विचारत, "काकांचं बरं आहे ना? आवाज येत नाही." मी म्हणायची, "या की एकदा वर." ते म्हणायचे, "मी आलो होतो ना." तेही खरंच होतं. मी काकांना सांगायची, भाऊ विचारत होते. काका विचारायचे, "काय शब्दांत विचारलं?" आता शब्द काय सांगायचे? मी दोघांमधला निरोप्या होऊन थकले. एकदा तर दोघांनाही सांगून टाकलं, की मला यापुढं काही विचारू नका. तरी दोघं विचारतच राहिले.

काका गेले ते सकाळी, चहा पिता पिता. फार त्रास झाला नाही. मुलगा दुपारपर्यंत पोचला. आमच्याकडे कुणी गेलं की तिरडीला बांबू भाऊंच्या वाडीतून येत, तसे ते आले. पण या वेळी बांबूंबरोबर भाऊही आले. कुणाला हात लावू दिला नाही. खाली, जिन्यापाशी बसून त्यांनी स्वतः सगळ्या गाठी मारल्या. गुडघे दुमडत नव्हते, तर एक पाय लांब करून बसले. सुनेनं पाणी आणलं ते घेतलं नाही.

काकांना खाली आणून ठेवलं. लोक नमस्कार करून बाजूला झाले. भाऊ शेवटी आले. ते वाकले, काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "तुमच्याच मतांनी आला हो, काका. तुमच्याच."

मला रडू फुटलं, आणि रडताना रागही आवरेना. दोघांचाही. एवढंसं वाक्य होतं. ते त्या दुपारी एकानं म्हटलं असतं, किंवा दुसऱ्यानं ते मागितलंच नसतं, तर इतक्या संध्याकाळी फुकट गेल्या नसत्या. त्या उमेदवाराची कारकीर्दसुद्धा तोवर संपत आली होती.

माझ्या शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते, नवीनच राहायला आलेले. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "कोण आला निवडून?"

"कुणी नाही," मी म्हटलं.