थोरलीचा हंडा

काही बिनसलं की ती उजवा हात दोनदा झटकायची, बोटांवरचं पाणी झटकावं तसा, आणि म्हणायची, "झालंच न्हवतं की गं!" कारखान्यात हातातला जॉब, म्हणजे तपासायचा सुटा भाग, फरशीवर पडून वाया गेला, झटकला हात. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत झापलं, झटकला हात. लगेच डब्यातली चटणी वाटायला मोकळी. अशी माणसं तुमच्याही कामावर असतील. घडून गेलेलं त्यांना चिकटत नाही. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो साधासुधा हेवा नव्हता. ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको होती.

म्हणजे, नव्हती. तीच तर गंमत आहे.

खानापूरकडच्या आमच्या गावात सोळाव्या वर्षी तिचं माझ्या नवऱ्याशी लग्न लावलं. चार महिने नांदली. मग शाळेतल्या बाईंना गाठलं आणि त्यांना घेऊन बेळगावच्या कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, कर्नाटकात मुलीला अठरा पूर्ण नसतील तर ते लग्न मुळापासूनच रद्द. घटस्फोट नाही, काडीमोड नाही. लग्न झालंच नव्हतं. त्यानंतर मी त्या घरात आले, बाविसाव्या वर्षी, वाजतगाजत. कायद्यानं मीच पहिली आणि मीच एकटी.

सासूबाईंना हे कोण सांगणार? "कोर्टाला काय कळतंय? अक्षता पडल्या, लगीन झालं," म्हणायच्या आणि मला हाक मारायच्या, "धाकटे!" घरात सून एकच, आणि ती धाकटी. कोर्टाचा निकाल त्यांनी एकाच बाबतीत मानला. तिच्या माहेरच्यांनी भांडी परत मागितली तेव्हा म्हणाल्या, "लगीनच झालं न्हाय म्हंता, मग रुखवताची भांडी कुठली मागता?" भांडी राहिली. त्यातल्या मोठ्या हंड्याच्या गळ्याखाली तिचं नाव घातलेलं आहे. आमच्याकडं आता नळाला दिवसाआड पाणी येतं. हंडा भरताना माझी बोटं त्या अक्षरांवरून जायची आणि जिवाचा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि नशीब बघा, मी बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागले तर चेकिंगच्या टेबलावर शेजारी तीच. मी कोण हे कळल्यावर म्हणाली, "त्येंची बायको व्हय? बस की. ह्यो मापाचा गेज असा धरायचा." एवढंच. मी मात्र तिची वेणी बघितली, हसणं बघितलं, यातलं माझ्या नवऱ्याला काय आवडलं असेल ते शोधत बसले.

एका दुपारी डबा खाताना राहवलं नाही. विचारलं, "आमच्या ह्यांस्नी च्यात आलं लागतं का वेलदोडा? ध्यानात हाय का तुझ्या?" परीक्षाच घेतली म्हणा.

ती खरोखरच आठवायला लागली. भाकरी तशीच हातात. "न्हाय गं," म्हणाली. "त्येंचं तोंडबी नीट ध्यानात न्हाय. मी वर बघतच न्हवते. हंडा तेवढा ध्यानात हाय. लई जड होता. हिरीवरनं आणताना वाटंत टेकवत टेकवत यायची, पोटात दुखायचं. सासू म्हणायची, 'तुझ्याच नावाचा हाय, उचल की.'"

मला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. फिरवला मात्र नाही.

पण हेवा गेला असं समजू नका. त्यानं फक्त कूस बदलली. आता वाटायचं, हिला आख्खं घर, सासू, नवरा, सगळं झटकून टाकता आलं. माझा नवरा वाईट नाही. रुसला की मात्र आठ-आठ दिवस तोंड उघडत नाही, आणि ते दिवस मला कुठं झटकता येतात? माझं लग्न पक्कं. वय भरलेलं, नोंद झालेली. कुठलंही कोर्ट ते झालंच नव्हतं असं म्हणणार नाही.

गेल्या वर्षी तिनं स्वतः बघून चिकोडीच्या मुलाशी लग्न ठरवलं. काम सोडायच्या दिवशी पेढे वाटत होती. कुणीतरी खोचकपणे विचारलं, "दुसरं व्हय?"

"पयलंच की!" ती हसून म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. "तुझा हंडा ने की आता."

तिनं हात दोनदा झटकला. "मोडीत घाल जा. झालंच न्हवतं की गं."

आता टेबलावर माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. हंडा मी मोडीत घालायला म्हणून बाहेर काढला होता, पण पुन्हा जागेवर ठेवला. हल्ली ते नाव बोटांना लागलं की वाटेत हंडा टेकवून उभी राहिलेली सोळा वर्षांची पोर दिसते, आणि भरलेला हंडा मला पूर्वीपेक्षा जड लागतो.

काल पाणी आलं. हंडा कमरेवर घेऊन आत आणला, कट्ट्यावर ठेवला. सोप्यातून सासूबाईंची हाक आली, "धाकटे, थोरलीचा हंडा भरला काय गं?"

मी ओला हात झटकला. एकदा, मग पुन्हा एकदा. तिचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं तर झालं होतं.